साक्ष आणि श्रोता : मराठी ख्रिस्ती साहित्यातील श्रद्धाकथनाचा विचार

प्रास्ताविक

'सुवार्ता', 'साक्ष', 'उपदेश', 'प्रचार' आणि 'प्रसार' हे शब्द ख्रिस्ती धर्माच्या संदर्भात मराठीत बहुधा एकमेकांच्या जागी वापरले जातात. ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा दुसऱ्यापर्यंत पोहोचविणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यामुळे धूसर राहतो. विरोधकांच्या दृष्टीने ते केवळ धर्मांतराचे साधन ठरते. समर्थकांच्या दृष्टीने ते प्रभूच्या आज्ञेचे पालन ठरते. या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट समान आहे. ज्याला ही श्रद्धा सांगितली जाते त्या श्रोत्याचा विचार दोन्हीकडे क्वचितच होतो. तो कुणाच्या तरी हिशेबातला आकडा असतो, मिळविलेला किंवा गमावलेला.

मराठी बायबलने रूढ केलेला 'साक्ष' हा शब्द या दृष्टीने अधिक बोलका आहे. तो न्यायालयातील शब्द आहे. साक्षीदाराने आपण पाहिलेले सांगावयाचे असते. निवाडा करणारा दुसराच कुणी असतो. वेदान्तातील 'साक्षी' मात्र याहून वेगळा. तो अलिप्त असतो, घडणाऱ्याचा त्याला स्पर्श होत नाही. ख्रिस्ती परंपरेतील साक्षीदार घटनेत गुंतलेला असतो आणि सांगण्याची किंमत त्याला मोजावी लागते. ग्रीक भाषेत साक्षीदारासाठी जो शब्द आहे, त्यालाच पुढे हुतात्मा हा अर्थ चिकटला. साक्षीच्या या कल्पनेत श्रोत्याचे स्वातंत्र्य गृहीतच आहे. मार्ककृत शुभवर्तमानात एक धनवान मनुष्य येशूचे म्हणणे ऐकतो आणि खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याला परत बोलावीत नाही, अट शिथिल करीत नाही आणि त्याला शापही देत नाही. ऐकून नाकारणाऱ्याला शुभवर्तमानाच्या कथेत अशी जागा मिळाली आहे, ही बाब धर्मोपदेशाच्या चर्चेत सहसा लक्षात घेतली जात नाही.

प्रस्तुत लेखात मराठीतील काही ख्रिस्ती लेखकांचा विचार याच अंगाने केला आहे. श्रद्धा सांगणाऱ्या साहित्यकृतीत श्रोत्याच्या नकाराला कितपत जागा आहे, हा येथील निकष आहे. हा निकष केवळ नैतिक नाही. ज्या कृतीत श्रोत्याची संमती आधीच ठरलेली असते, तिच्यातील संवाद लटका होतो आणि पात्रे मुखवटे होतात. त्यामुळे तो वाङ्मयीन निकषही ठरतो.

पाद्री गुरू आणि प्रश्न विचारणारा ब्राह्मण

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1619 मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत बहुतांशी साष्टीच्या परिसरात राहिले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. ते रोमन लिपीत छापले होते, परंतु त्याची भाषा मराठी आणि छंद ओवीचा आहे. या ग्रंथाची ओळख मराठी वाचकाला बहुधा त्यातील मराठी भाषेच्या गौरवाच्या ओव्यांमुळे असते. भाषाभिमानाच्या प्रत्येक प्रसंगी त्या उद्धृत होतात आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा उरलेला ग्रंथ न वाचताच मिटला जातो. हा ग्रंथावर झालेला काहीसा गोड अन्यायच म्हणावा लागेल.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो ग्रंथाचा आरंभ. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना शिकवण दिली जात असता त्यांतील एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे वाचण्यास मनाई झाली, मग त्यांच्या जागी दुसरी पुराणे आम्हांला का मिळू नयेत? या प्रश्नातून ग्रंथ जन्माला येतो. पुढेही कथा मधून मधून थांबते, श्रोते शंका विचारतात आणि पाद्री गुरू उत्तर देतात. पुराणकथनाची ही परिचित पद्धत स्टीफन्स यांनी केवळ सजावटीसाठी घेतलेली नाही. ख्रिस्ती कथा मराठी माणसाला सांगावयाची तर त्याच्या ऐकण्याच्या सवयीत शिरावे लागेल, हे त्यांनी जाणले होते. 'वैकुंठ', 'मुक्ती', 'गुरू' हे शब्द ते निःशंकपणे वापरतात. प्रत्येक शब्दाबरोबर जुन्या अर्थाचा थर येणारच, हे ठाऊक असूनही त्यांनी तो धोका पत्करला. परक्याची भाषा घेणारा स्वतःच्या सांगण्यावरचा काही ताबा सोडून देतो. स्टीफन्स यांच्या ओवीत येशूची कथा थोडी मराठी होते, ती या सोडून देण्यामुळेच.

तथापि या संवादाला एक अंधारी बाजू आहे आणि तिच्याकडे काणाडोळा करता येत नाही. ब्राह्मणाच्या प्रश्नातच मनाईचा उल्लेख आहे. साष्टीतील देवळे 1567 मध्ये पाडली गेली होती. गोव्यात इन्क्विझिशन 1560 पासून होते. 1583 मध्ये कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांच्या उद्रेकात पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा वृत्तान्त स्टीफन्स यांनी त्याच वर्षी आपल्या भावाला पत्राने कळविला होता. पुराण मागणारा श्रोता असा आहे की, त्याच्या हातातून पहिले पुराण काढून घेतलेले आहे. तो शंका विचारू शकतो, परंतु निघून जाऊ शकत नाही. ग्रंथाबाहेरच्या सत्तेने जे स्वातंत्र्य हिरावले, त्याची थोडीशी भरपाई ग्रंथकाराने ग्रंथाच्या आत केली, असे फार तर म्हणता येईल. ही भरपाई खोटी नाही. पण ती पुरेशीही नाही. स्टीफन्स यांच्या भाषाप्रेमाचे कौतुक करताना हे दोन्ही एकाच वेळी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

बाबा पदमनजी : कादंबरी आणि आत्मचरित्र

एकोणिसाव्या शतकातील मिशनरी चळवळीने खंडनमंडनाची पत्रके, वादविवाद आणि 'ज्ञानोदय'सारखी नियतकालिके यांतून श्रद्धाकथनाला वादाचे रूप दिले. बाबा पदमनजी (1831–1906) हे या वातावरणाचे अपत्य होत. 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर तीनच वर्षांनी त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिली. विधवांच्या स्थितीचे निरूपण हा तिचा घोषित हेतू आहे आणि तो आजही मनाला भिडतो. परंतु श्रद्धेचा भाग येतो तेथे कादंबरीचा श्वास अडखळतो. यमुना आणि विनायक यांना वाटेत भेटणारी माणसे दुःखे सांगतात ती जिवंत आहेत. त्यांना मिळणारी धर्मविषयक उत्तरे मात्र तयार आहेत. तेथे आक्षेप घेणारा इतकाच आक्षेप घेतो की ज्याचे उत्तर लेखकापाशी आहे.

याच लेखकाचे 'अरुणोदय' हे 1888 मधील आत्मचरित्र वाचले की फरक जाणवतो. येथे नकार देणारा श्रोता दुसरा कुणी नसून स्वतः बाबा आहेत. घरातील भक्तिभाव, परमहंस सभेतील वावर, ख्रिस्ती मताचे आकर्षण आणि आप्तांना दुखविण्याची भीती यांत त्यांचा काळ जातो. पुढे पाऊल टाकावे आणि मागे घ्यावे, असे वारंवार घडते. कादंबरीत लेखक जे दुसऱ्याला पटवून देऊ शकला नाही, ते आत्मचरित्रात स्वतःला पटेना म्हणून लिहिताना त्याचे गद्य सच्चे होते.

रमाबाईंचे उघडे दार

पंडिता रमाबाई (1858–1922) यांच्या बाबतीत हा प्रश्न ग्रंथातून बाहेर येऊन प्रत्यक्ष घरात उभा राहतो. त्यांनी 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार 1977 मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाने प्रकाशित झाला. श्रद्धा देणारा आणि घेणारा यांच्यातील नात्याचा इतका प्रांजळ दस्तऐवज भारतीय ख्रिस्ती इतिहासात दुसरा सापडणे कठीण. जेराल्डिन यांची रमाबाईंवर खरी माया होती. पण शिष्येने चर्चचे अधिकार निमूट मान्य करावेत, ही त्यांची अपेक्षाही तितकीच खरी होती. रमाबाई प्रश्न विचारीत राहिल्या. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्यांना शंका होत्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटलेल्या स्त्रीने दुसऱ्याचे जोखड का घ्यावे, असा त्यांचा रोख होता. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, संस्कृत का चालू नये, असेही त्या विचारतात. बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीने बाप्तिस्मा देणाऱ्यांना दिलेला हा नकार आहे. श्रद्धा एकाकडून दुसऱ्याकडे वस्तूसारखी जात नाही, घेणारा ती आपल्या हाताने घडवून घेतो, हे या पत्रांतून दिसते. 1907 मधील 'माझी साक्ष' या छोट्या पुस्तकात रमाबाईंनी याहून मोठी कबुली दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असा तिचा आशय आहे. धर्मांतराच्या नोंदवहीला साक्ष मानणाऱ्या दोन्ही पक्षांनी या वाक्याजवळ थांबणे उचित ठरेल.

परंतु श्रद्धा सांगणाऱ्याच्या जागी स्वतः रमाबाई आल्या, तेव्हा काय झाले? शारदा सदन 1889 मध्ये मुंबईत सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यास गेले. अमेरिकेतील देणगीदारांच्या पैशावर चालणाऱ्या या संस्थेत धर्मशिक्षण सक्तीचे राहणार नाही, अशी हमी होती आणि त्या भरवशावर न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार म्हणून साथ दिली. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत. दार उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात वादळ उठले, 'केसरी'ने टीकेची धार लावली आणि 1893 मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले. अनेक पालकांनी मुली परत नेल्या.

या प्रकरणाची चर्चा बहुधा वकिली पद्धतीने होते. रमाबाईंनी वचन मोडले की नाही, एवढेच तपासले जाते. त्यांचे म्हणणे असे की, हिंदू मुलींना आपले व्रत, आपली पूजा करण्याची मोकळीक असताना मी माझ्या घरात माझे दार का लावून घ्यावे? हा युक्तिवाद सहजासहजी बाजूला सारता येत नाही. श्रद्धा लपवून ठेवण्याची सक्ती हीही सक्तीच होय. दार उघडे ठेवणे हे उपदेशाहून कमी आणि मौनाहून जास्त असे काही आहे, आणि ख्रिस्ती साक्षीची याहून नेमकी प्रतिमा मराठीच्या इतिहासात नाही.

तरीही रानड्यांच्या बाजूला एक वजनदार मुद्दा होता. ज्या मुलीला सासरी ठाव नाही, माहेरी मान नाही, तिच्यासमोर उघडलेले ते एकच दार होते. ज्या व्यक्तीच्या आधाराने ती जगते त्या व्यक्तीची प्रार्थना ती कोणत्या स्वातंत्र्याने ऐकत असेल? पुढे 1896–97 च्या दुष्काळातून वाचविलेल्या मुली केडगावच्या मुक्ती सदनात आल्या, तेव्हा हा प्रश्न अधिकच तीव्र झाला. 1905 मध्ये तेथे जी सामूहिक धार्मिक जागृती झाली तिच्या वृत्तान्तांत मुलींचे अश्रू, प्रार्थना आणि आनंद यांची वर्णने आहेत. या वर्णनांना ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. पण न रडलेल्या मुलीचे काय झाले, ती कोठे बसली, तिच्याशी इतर कशा वागल्या, हे त्या वृत्तान्तांतून कळत नाही. ज्या स्त्रीने जेराल्डिन यांना एवढ्या ठामपणे 'नाही' म्हटले, तिच्या स्वतःच्या आश्रमातील एखाद्या मुलीचे तिला उद्देशून लिहिलेले तसे पत्र उपलब्ध असते तर रमाबाईंच्या साक्षीचे मोल वाढलेच असते.

एका गोष्टीत मात्र रमाबाईंनी श्रोत्याला सर्वांत वर ठेवले. मूळ हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत बायबलचे मराठी भाषांतर केले, ते साध्या, कमी शिकलेल्या बायकांना समजावे म्हणून. पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळविलेल्या विदुषीने संस्कृतप्रचुर मराठी बाजूला ठेवणे म्हणजे आपली सर्वांत मोठी कमाई श्रोत्यासाठी खर्च करणे होते.

टिळक : कीर्तनकार ते दरबार

रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांच्या धर्मांतराची सुरुवात 1893 मधील रेल्वेप्रवासात झाली. डब्यातील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी काव्याविषयी, धर्माविषयी बोलत जाऊन निरोप घेताना नवा करार हातात ठेवला. हा गृहस्थ त्यांच्या आयुष्यात पुन्हा आला नाही. त्याचे नावही टिळकांना ठाऊक नव्हते. बोलणारा बाजूला होतो आणि पुस्तक व वाचक यांना एकटे सोडतो, असा हा प्रसंग आहे. 1895 मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि ते अमेरिकन मराठी मिशनच्या कामात अहमदनगर येथे रमले.

टिळकांचे अभंग व कीर्तने यांची चर्चा 'ख्रिस्ती आशयाला मराठी घाट' अशा सूत्राने करण्याची पद्धत आहे. हे सूत्र अपुरे आहे. घाट बदलला की आशयही बदलतो. कीर्तनात वक्ता आणि श्रोता दोघेही एकाच देवासमोर उभे असतात. व्यासपीठावरून खाली बोलण्याची सोय त्यात नाही. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, या अर्थाचा टिळकांचा उद्गार प्रसिद्ध आहे. त्याचा गर्भितार्थ असा की, मिशनऱ्यांच्या आधीच कुणीतरी ऐकण्याची तयारी करून ठेवलेली होती. ज्याला पूल ओलांडून जायचे आहे त्याने पूल मोडण्याचे कारण नाही, ही जाण त्यांच्या काव्यात क्रमाने वाढत गेली.

1917 मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात असावेत, ही त्यांची कल्पना होती. पगारी साक्षीदाराची साक्ष कमकुवत होते, हे न्यायालयातील सामान्य सत्य त्यांनी स्वतःला लावून घेतले. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला आत येण्याची घाई न करता उंबरठ्यावरच मान देण्याचा हा प्रयोग होता. दोन वर्षांत टिळकांचे निधन झाले आणि प्रयोग अपुरा राहिला. तो पुढे चालला असता तर चर्चने त्याला कितपत सामावून घेतले असते, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. बाप्तिस्म्याची रेषा पुसट होणे कोणत्याही चर्चला परवडत नाही. टिळकांच्या मोठेपणाचा गौरव करणाऱ्या मंडळींनीही दरबाराची कल्पना कवीची लहर म्हणूनच जपून ठेवली आहे.

'स्मृतिचित्रे' : श्रोत्याने लिहिलेली साक्ष

आतापर्यंतच्या सर्व लेखनात सांगणारा लिहितो आणि श्रोता ऐकतो. 'स्मृतिचित्रे' (1934–36) या ग्रंथात प्रथमच ही रचना उलटते. लक्ष्मीबाई टिळक (1868–1936) या ख्रिस्ती श्रद्धेच्या श्रोत्या होत्या आणि दीर्घकाळ नकार देणाऱ्या श्रोत्या होत्या. पतीने बाप्तिस्मा घेतल्यानंतर सुमारे पाच वर्षांनी, 1900 मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या पाच वर्षांचे चित्रण हा मराठी ख्रिस्ती साहित्यातील सर्वांत मौल्यवान भाग होय.

या ग्रंथाविषयी दोन सोयीस्कर वाचने प्रचलित आहेत. एका वाचनानुसार लक्ष्मीबाई या पतीच्या पावलावर पाऊल ठेवणाऱ्या पतिव्रता. त्यांचे धर्मांतर हा पातिव्रत्याचाच विस्तार. दुसऱ्या वाचनानुसार ग्रंथाचे मोल त्याच्या विनोदात, साधेपणात आणि बोलीच्या गोडव्यात आहे. धर्माचा भाग ओलांडून वाचावा. ग्रंथाच्या अंतर्गत रचनेकडे पाहिले असता ही दोन्ही वाचने टिकत नाहीत.

ग्रंथ आरंभ होतो तो वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून. 1857 च्या धामधुमीचा आघात सोसलेल्या या गृहस्थाने घरातील प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा अट्टहास धरला आणि सारे कुटुंब त्यात भरडून निघाले. लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात. पण हे केवळ विनोदी व्यक्तिचित्र नाही. पुढे पती ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाईंपुढे जो प्रश्न येतो, तो येशू देवाचा पुत्र आहे की नाही हा नसून कुणाच्या हातचे पाणी प्यावे हा आहे. पतीजवळ राहावयास गेल्यावरही त्या आपले सोवळे सांभाळतात. टिळक ते सांभाळू देतात. ज्या घरात स्वयंपाकाची चूल आणि पाण्याची घागर नवऱ्यापासून वेगळी, त्या घराचे वर्णन करताना लेखिकेने उपहासाचा सूर कोठेही नवऱ्याकडे किंवा धर्माकडे वळविलेला नाही. तो स्वतःकडे वळविला आहे.

मग एके दिवशी जातिभेदाचा विचार करता करता त्यांच्या मनात उजेड पडतो. माणूस देवाने केला, जात माणसाने केली. मग शिवाशिव कशाला? त्या क्षणापासून त्या कुणाच्याही हातचे खाण्यास तयार होतात. हे परिवर्तन बाप्तिस्म्याच्या आधीचे आहे. त्यात कोणाचा उपदेश नाही, ग्रंथाचा हवाला नाही, पतीची आज्ञा तर नाहीच नाही. वडिलांच्या घरी आयुष्यभर धुतले जाणारे जे काही होते ते येथे एका झटक्यात कोरडे होते. ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणाशी या प्रसंगाचा धागा जोडून पाहिला की लक्ष्मीबाईंची श्रद्धा पतीकडून उसनी घेतलेली नव्हती, हे निर्विवाद दिसते. त्यांनी आपल्या बालपणापासूनच्या दुखण्याचे उत्तर स्वतः शोधले आणि ते उत्तर नवऱ्याच्या धर्माच्या दारापाशी येऊन थांबले.

मग टिळकांनी श्रद्धा 'सांगितली' ती कशी? ग्रंथात टिळकांचे दोष भरपूर आहेत. ते तापट आहेत, घरातून न सांगता निघून जाणारे आहेत, पैशाबाबत बेफिकीर आहेत. ग्रंथलेखनाचे निमित्त टिळकांच्या चरित्राचे साधन जमविण्याचे होते; ते लक्षात घेता हा मोकळेपणा थक्क करणारा आहे. धर्मप्रसारकाच्या चरित्रातील दोष झाकण्याची रीत जगभर आहे. लक्ष्मीबाई ते झाकीत नाहीत आणि म्हणूनच टिळकांनी या पाच वर्षांत जी एक गोष्ट केली नाही तिचे मोल वाचकाला कळते. तापट टिळकांनी पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही. कायद्याने, रूढीने आणि त्या काळच्या पतीच्या अधिकाराने त्यांच्या हाती जी सत्ता होती ती त्यांनी येथे वापरली नाही. त्यांच्या हजारो ओळींच्या ख्रिस्ती काव्यापेक्षा हे न करणे अधिक बोलले, असे 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवते.

यावर असा आक्षेप संभवतो की, ब्राह्मण स्त्रीपुढे समाजाने दुसरा मार्ग ठेवलाच नव्हता. धर्मभ्रष्ट पतीची पत्नी शेवटी जाणार कोठे? आक्षेपात तथ्य आहे. पतीच्या धर्मांतरानंतर आप्तांच्या आधाराने काढलेल्या दिवसांचे वर्णन लेखिकेने अश्रू आवरून केले आहे आणि त्या परावलंबनाची टोचणी त्यातून सुटत नाही. परंतु रमाबाईंच्या सदनातील मुलींविषयी उपस्थित केलेला प्रश्न येथे निदान विचारता येतो आणि त्याचे उत्तर तिच्याच तोंडून ऐकता येते. 'ख्रिस्तायन' हे टिळकांनी अपुरे सोडलेले काव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. एके काळी नकार देणाऱ्या श्रोत्रीने सांगणाऱ्याचे अर्धे राहिलेले सांगणे पुरे केले, ही घटना वाङ्मयेतिहासात एका ओळीत उरकली जाते. प्रत्यक्षात ती या संपूर्ण परंपरेचा कळस आहे.

न लिहिलेल्या साक्षी

येथवर ज्यांचा विचार केला त्यांत बाबा पदमनजी कासार समाजातील, स्टीफन्स परदेशी आणि रमाबाई, टिळक व लक्ष्मीबाई जन्माने ब्राह्मण. मात्र अहमदनगर, जालना या भागांतील ख्रिस्ती समाज बहुसंख्येने पूर्वाश्रमीच्या महार व मांग जातींतून आलेला आहे. त्यांच्यापर्यंत श्रद्धा पोहोचली ती प्रायः पुस्तकातून नव्हे, तर भावकी, सोयरीक, गावची शाळा आणि दुष्काळातील मदत यांतून. त्यांच्या साक्षी मिशनच्या अहवालांत दुसऱ्याच्या शब्दांत येतात. मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास टिळकांपाशी कळस गाठतो, असे मानण्याची जी प्रथा आहे, तिच्यामुळे हे मौन ऐकूच येईनासे झाले आहे. प्रस्तुत लेखाचा आवाकाही याच प्रथेने मर्यादित झाला आहे, हे नमूद करणे प्राप्त आहे.

या श्रोतृवर्गातून उठलेला सर्वांत समर्थ नकार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. 1935 मध्ये येवले येथे हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केल्यानंतर ख्रिस्ती धर्मप्रमुखांसह अनेकांनी त्यांच्यापुढे आपापल्या धर्माची बाजू मांडली. 1956 मध्ये नागपूरला त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. दरम्यान ख्रिस्तीकरण आणि धर्मांतरिताची स्थिती यांविषयी त्यांनी लिहिलेले निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, 1989 मध्ये, महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या 'लेखन आणि भाषणे' या मालिकेच्या पाचव्या खंडात छापले गेले. मिशनऱ्यांनी आधी ब्राह्मणांना जिंकण्याची आस धरली, म्हणजे मग इतर आपोआप येतील असे मानले, हा त्यांचा एक आक्षेप. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याच्या वाट्याला चर्चमध्येही जातीचे जगणे आले आणि त्याच्यावरील अन्यायाविरुद्ध लढण्याची प्रेरणा त्याला मिळाली नाही, हा दुसरा. येशूच्या व्यक्तिमत्त्वाविषयी येथे अनादर नाही. साक्षीदाराचे सांगणे आणि त्याचे वागणे यांतील तफावत आंबेडकरांनी उलटतपासणीत उघड केली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात घटनेतील पंचविसाव्या अनुच्छेदातील धर्मप्रसाराच्या हक्काचा अर्थ लावताना, आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क नव्हे, असा भेद केला. या निर्णयावर कायदेपंडितांत मतभेद आहेत. न्यायालयाने ही रेषा आखताना सांगणाऱ्याचा हक्क आणि ऐकणाऱ्याचे विवेकस्वातंत्र्य यांचा विचार केला. ऐकणारा काय म्हणतो, हे मात्र कायद्याच्या भाषेत मावणारे नव्हते. ते लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात मावले आहे आणि आंबेडकरांच्या त्या निबंधांतही. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासक्रमांत पहिला ग्रंथ आवडीने नेमला जातो. दुसरे लेखन त्याच्या शेजारी ठेवून शिकविले गेल्यास, नगर जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयात बसलेल्या, आजोबांच्या पिढीत ख्रिस्ती झालेल्या घरातील विद्यार्थ्याला वर्गात काही विचारावेसे वाटेल.